सोळा नंबरची डबी

नोकरीच्या इतक्या वर्षांत चारुलता मॅडमनी मुलांना जेवढं शिकवलं, त्याहून जास्त त्या मोजत फिरल्या. माणसं मोजली, मतदार मोजले, एका वर्षी गाई-म्हशी मोजल्या, आणि एका उन्हाळ्यात तर घरोघरी जाऊन संडास आहे की नाही हेसुद्धा विचारून आल्या. कुणालाही काहीही मोजायचं असलं की आधी प्राथमिक शाळेतली मास्तरीणच आठवते. तिला नाही म्हणता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. मॅडम आता पुढच्या वर्षी निवृत्त व्हायच्या होत्या. गुडघे त्यांच्या आधीच निवृत्त झाले होते. अशात पुन्हा ड्यूटीचा कागद आला, तेव्हा त्यांनी तो वाचला, घडी घालून पर्समध्ये टाकला आणि भाजी चिरायला बसल्या. चिडायलासुद्धा अंगात जोर लागतो, तो त्यांच्यात उरला नव्हता.

या वेळी मोजायच्या होत्या ऑटोरिक्षा. बुऱ्हाणपुरात छोट्या सिटी बस सुरू करायचं घाटत होतं. गल्ल्या अरुंद, वेशी त्याहून अरुंद, तेव्हा बस कुठून न्यायची आणि कुठे थांबवायची हे नीट ठरवायला हवं होतं. त्यासाठी वाहतूक आराखड्याचं एक तात्पुरतं ऑफिस थाटलं होतं. तिथला इंजिनिअर पंकज इंदूरला शिकून आलेला, पण तापीकाठच्याच गावचा. ट्रेनिंगच्या दिवशी त्याने साबणाच्या डबीएवढं एक काळं यंत्र सगळ्यांना दाखवलं. ही डबी रिक्षात ठेवायची. रिक्षा जिथे जाईल, तिथून ती आपली जागा ऑफिसला कळवत राहते. महिनाभर अशा डब्या शहरभर फिरल्या की माणसं सकाळी कुठून निघतात, कुठे उतरतात, कोणत्या चौकात अडकून पडतात, हे सगळं नकाशावर आपोआप उमटतं. जिथे थांबून राहणं जास्त, तिथे थांब्याची गरज आहे हे कॉम्प्युटरलाच समजतं.

मॅडमना ही कल्पना मनापासून आवडली. इतकी वर्षं त्या दारं ठोठावत होत्या आणि लोक आतून खोटं सांगत होते. नवऱ्याची कमाई कमी सांगायचे, मुलाचं वय जास्त सांगायचे. इथे कुणाला काही विचारायचंच नव्हतं. रिक्षा गेली तर गेली, उभी राहिली तर उभी राहिली. एवढ्या सरळ मोजणीत चुकायला जागाच कुठे आहे, असं त्यांना वाटलं.

त्यात त्यांचा स्वतःचाही जीव अडकला होता. मॅडमचं घर सिंधीपुऱ्यात आणि शाळा शनवाऱ्याच्या पुढे. थेट रिक्षा मिळत नसे. दोन बदलायच्या, आणि दोन्ही वेळा सीट भरेपर्यंत ताटकळायचं, त्यापेक्षा त्या चालत जात. आधी हे चालणं अर्ध्या तासाचं होतं, आता किती वेळाचं झालं होतं ते त्या घड्याळात बघत नसत. सिंधीपुऱ्याच्या वेशीपाशी बस थांबली, तर त्यांचं उरलेलं वर्ष सुखाचं जाणार होतं. शिवाय ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर एक कबूल केलं होतं. ज्या सुपरवायझरच्या स्टँडवर महिनाभरात डब्या सर्वांत कमी बंद पडतील, त्याला निवृत्तीपर्यंत सगळ्या जादा ड्यूटीतून सुटका. तसं पत्रच मिळणार होतं. मॅडमच्या शेजारी बसलेल्या एका मास्तरांनी हे ऐकून डोळेच मिटून घेतले. मॅडमनाही त्या वेळी बसपेक्षा हे पत्रच जास्त हवंसं वाटलं, हे खरं सांगायला हवं.

सुपरवायझर म्हणून त्यांच्या वाट्याला आला इतवारा भागातला रिक्षा स्टँड. वीस रिक्षा, वीस डब्या, आणि प्रत्येक डबीवर पांढऱ्या रंगात मोठा नंबर. डबी चालू असली की हिरवा दिवा लागे. काम एवढंच होतं की शाळा सुटल्यावर वाकडी वाट करून इतवाऱ्याला जायचं आणि सगळे दिवे हिरवे आहेत की नाही ते पाहायचं.

पण हे एवढंसं कामही जिवावर आलं. डबी ड्रायव्हरच्या सीटखाली. ती बघायची म्हणजे रिक्षात डोकं घालून वाकायचं, आणि मॅडम एकदा वाकल्या की वर येताना दांडी धरावी लागे. एक रिक्षा बघून होते तोवर दुसरी सवाऱ्या घेऊन निघून जाई. मग ती परत येईपर्यंत उखर्डूच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसून राहायचं. त्यात दिवे बंद सापडत. जुन्या रिक्षांच्या बॅटऱ्या कधीच जीव टाकून बसल्या होत्या, त्या डबीला चार्जिंग कुठून देणार? पहिल्या आठवड्यात ऑफिसातून दोनदा फोन आला की इतवारा मागे पडतोय. मॅडमनी वर्गात देतात तसा दम ड्रायव्हरांना दिला. स्टँडचा म्होरक्या भाईदास हा पन्नाशीचा माणूस, पण त्यांच्यापुढे तोसुद्धा पाचवीतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला, कारण त्याची दोन्ही मुलं त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

त्या संध्याकाळी गुडघ्यातून कळा येत होत्या. मॅडमनी उखर्डूच्या टपरीच्या भिंतीला ठोकलेली लांब फळी पाहिली. फळीच्या वर विजेचा बोर्ड होता, ड्रायव्हर लोक तिथे मोबाईल लावत. मॅडम म्हणाल्या की बाबांनो, माझ्याकडून रोज वीस वेळा वाकणं होत नाही, तुम्ही डब्या या फळीवर ठेवत जा, चार्जिंगही होईल आणि मलाही एका नजरेत दिसतील. संध्याकाळपुरतं, हा शब्द त्यांच्या मनात होता. तोंडातून तो बाहेर पडला की नाही, हे नंतर त्यांना कितीही आठवून आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून सगळं कसं सुतासारखं सरळ झालं. त्या यायच्या तेव्हा फळीवर डब्या ओळीने मांडलेल्या असत आणि सगळे दिवे हिरवे. उखर्डू न सांगता चहा देई. पाच मिनिटांत काम उरके. स्टँडवरची रोजची भांडणंही मिटल्यासारखी दिसत होती. भाईदास तर एकदा म्हणाला की मॅडम, तुमच्या डब्यांनी आमच्या स्टँडचं भलं केलं. मॅडमनी हे बोलणं कौतुक म्हणून घेतलं आणि घराकडे निघाल्या. थकलेल्या माणसाला सोय झाली की तो कारण विचारत नाही.

मध्येच लोटूने घोळ घातला. लोटू हा तिथलाच रिक्षावाला. त्याने रिक्षा विकली, सासुरवाडीच्या केळीच्या बागेत काम धरलं आणि जाता जाता सोळा नंबरची डबी मॅडमच्या घरी आणून दिली. ऑफिसला कळवलं तर उत्तर आलं की दुसरी रिक्षा शोधा, पण तोवर डबी बंद पडता कामा नये. दुसरी रिक्षा काही मिळाली नाही. मग मॅडमनी डबी पर्समध्ये टाकली. शाळेत गेल्यावर टेबलाजवळ चार्जिंगला लावायची, घरी आल्यावर देवघराजवळच्या बोर्डाला. हिरवा दिवा पर्सच्या चेनमधून दिसत राही. वीसपैकी वीस चालू, यात खोटं काही नव्हतं.

महिना संपला आणि बैठक झाली. इतवाऱ्याचा स्टँड पहिला आला. मोठ्या साहेबांनी चारुलता मॅडमचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या आणि ते पत्र त्यांच्या हातात आलं. चार ओळींचं. निवडणूक नाही, जनगणना नाही, उन्हात फिरणं नाही. मॅडमनी ते दोनदा वाचलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला सुट्टी दिली, तीही न मागता, याचंच त्यांना अप्रूप वाटलं.

मग पंकजने पडद्यावर नकाशा लावला. शहरभर रेघा धावत होत्या, कुठे बारीक, कुठे जाड. स्टेशनकडे जाणारी रेघ मनगटाएवढी, शनवाऱ्याची त्याहून थोडी कमी. इतवाऱ्यावर मात्र रेघ जवळजवळ नव्हतीच, एक मोठा लाल ठिपका होता. पंकज सांगत होता की इथल्या रिक्षा सकाळी घरून येतात, दिवसभर स्टँडवर उभ्या राहतात आणि रात्री घरी जातात, म्हणजे या भागात सवारीच नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात इतवारा आणि सिंधीपुरा वगळले आहेत. बस बाहेरच्या रस्त्याने जाईल.

मॅडम त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिल्या. नकाशावर इतवाऱ्याचा चौक कुठे, टपरी कुठे, हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. ठिपका बरोबर उखर्डूच्या फळीवर होता. पत्र मांडीवर होतं आणि तोंड उघडायचं होतं, पण त्यांनी ते उघडलं नाही. सगळ्यांबरोबर चहा प्याल्या, बिस्किट खाल्लं आणि बाहेर पडल्या.

पाय घराकडे न वळता इतवाऱ्याकडे वळले. भरदुपारची वेळ होती. एरवी त्या संध्याकाळी येत, त्यामुळे दुपारचा स्टँड त्यांनी महिनाभरात पाहिलाच नव्हता. रिक्षा चारच उभ्या होत्या. फळीवर मात्र ओळच्या ओळ लागलेली, हिरवे दिवे लुकलुकत. त्यांच्यासमोर भाईदासने सवाऱ्या भरल्या आणि निघण्याआधी पहिल्या जागेवरची आपली डबी उचलून ओळीच्या शेवटी नेऊन ठेवली. बाकीच्या डब्या उखर्डूने एकेक जागा पुढे सरकवल्या.

मॅडमनी त्याला थांबवलं आणि हे काय म्हणून विचारलं. भाईदासने रिक्षा बंद करून अभिमानाने समजावलं. स्टँडवर सवारी नंबराने घ्यायची, ही जुनी रीत. आधी नंबर धरायला फळीवर कुणी दगड ठेवायचा, कुणी पाण्याची बाटली, कुणी फडकं. मग हा दगड कुणाचा म्हणून रोज मारामारी. आता डबीवर नावासारखा नंबर छापलेला, त्यात दिवा, कुणी बदलूच शकत नाही. निघताना डबी शेवटी ठेवायची. फेरी करून माणूस परत येतो तोवर त्याची डबी ओळीत पुढे आलेली असते. सकाळी शाळेची पोरं सोडायला गेलं तरी नंबर जात नाही.

"म्हणजे डबी रिक्षात कधी नसतेच?"

"रात्री घरी नेतो ना, मॅडम. तुमची अमानत, चोरी गेली तं काय तोंड दाखवू?" भाईदास म्हणाला. "आणि तुमीच तं बोलल्या होत्या, फळीवर ठेवत जा. आमी तुमची गोष्ट टाळली का कधी?"

मॅडमनी त्याला नकाशाचं सांगितलं, की तुमच्या रिक्षा दिवसभर उभ्या दिसल्या आणि म्हणून इकडे बस येणार नाही. भाईदासने क्षणभर विचार केला. बस नाही आली तर आमचं बरंच आहे, असं तो म्हणाला, आणि तेही सरळपणे, कुठलंही कपट न ठेवता. मॅडमना त्याचाही राग आला नाही. त्याचं पोट त्या तीन चाकांवर होतं. सवाऱ्या मागून घाई करू लागल्या तसा तो गेला.

घरी जाताना सिंधीपुऱ्याच्या वेशीजवळ एका बंद दुकानाचा ओटा लागतो. मॅडम तिथे रोज थांबत. बसत मात्र नसत. मॅडम थकल्या असं कुणी म्हणू नये म्हणून पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करत उभ्या राहत आणि गुडघा जरा निवला की निघत. त्या ओट्यावर बहुतेक वेळा धुरपदाबाई भेटे. ती घरी बसून यंत्रमागाच्या कांड्यांवर सूत भरायची. कारखान्यातून सूत आणि रिकाम्या कांड्यांचं गाठोडं घरी न्यायचं, भरलेल्या कांड्या परत पोचवायच्या, आणि ही ये-जा डोक्यावरून. वय साठीच्या पुढे. गाठोड्याला रिक्षात जागा नाही, म्हणून तिला रिक्षावाले घेत नसत.

आजही ती होती. मॅडमना पाहून तिने पदराने ओटा पुसला आणि विचारलं, "मॅडम, त्या बशीचं काय झालं? माझं गाठोडं घेतीन का वो बशीत? का तेबी नाई?"

मॅडमना वाटलं, पर्स उघडून पत्र हिला दाखवावं आणि म्हणावं की बाई, मला एवढं मिळालं, तुझं राहिलं. पण असं कोण कुणाला म्हणतं? बघू, अजून ठरायचंय, एवढं म्हणून त्या निघाल्या. त्या घरी आल्या आणि चपला काढून तशाच दारात बसून राहिल्या. आपण खोटं बोललो नाही, याचा महिनाभर त्यांना आधार होता. आता तो कामाला येईना. त्या रोज दिवा बघत होत्या, रिक्षा कुणीच बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकून त्या पंकजकडे गेल्या. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. वर्षभराची सुटका हातात आहे आणि आपण ती द्यायला चाललो आहोत, हे पायांना कळत होतं आणि ते मुद्दाम हळू पडत होते. पंकज एकटाच कॉम्प्युटरसमोर बसला होता. मॅडमनी खुर्ची ओढली आणि फळी, बोर्ड, नंबराची रीत, सगळं एका दमात सांगितलं. ड्रायव्हरांचा दोष नाही, फळीवर ठेवायला मीच सांगितलं होतं, हेही सांगितलं.

पंकज आधी हसला, मग त्याने कपाळाला हात लावला. आपणही नुसता स्क्रीन बघत बसलो, एकदा जाऊन स्टँड पाहिला नाही, असं तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने इतवाऱ्याच्या डब्या एकेक करून उघडायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यातले तुटक तुकडे सोडले तर एकोणीस डब्यांचा तोच लाल ठिपका आणि रात्री घरापर्यंत जाणारी एक-एक रेघ. या सगळ्या वाया गेल्या, तो म्हणाला.

"आणि ही सोळा नंबरची. ही तर आम्ही आधीच डिलीट केली होती, मॅडम. खराब होती. देखो ना, इतकी स्लो रिक्षा चालतच नाही. सिंधीपुऱ्यातून निघते, तिथल्या पायऱ्यांपाशी थांबते, वेशीपाशी थांबते, पुढे परत थांबते. रोज सेम जागी. एक दिवस तर अर्ध्या रस्त्यातून वापस गेली."

मॅडम पुढे वाकल्या. पडद्यावर एक बारीक, वाकडी रेघ होती. ती सिंधीपुऱ्यातून निघून शनवाऱ्याच्या पुढे जात होती, तिथून वळून इतवाऱ्याला येत होती आणि इतवाऱ्यावरून घरी. तिच्यावर जागोजागी गाठी पडल्या होत्या. पहिली गाठ पायऱ्यांपाशी, जिथे त्या कठडा धरून श्वास घेत. दुसरी ओट्यापाशी. तिसरी चौकातल्या एका कडुलिंबाखाली, जिथे त्या चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त करत. आपलं थांबणं कुणाला दिसत नाही, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं.

"त्या दिवशी मी चष्मा विसरले होते," मॅडम म्हणाल्या.

पंकजला समजलं नाही.

"ती खराब नाही. ती रिक्षा पण नाही. ती मी आहे."

मॅडमनी पर्स उघडून सोळा नंबरची डबी टेबलावर ठेवली. दिवा अजून हिरवा होता. महिनाभर आपण रोज किती चाललो, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा असता तर त्याला सांगितलं असतं. आता ते एका परक्या पोरापुढे उघडं पडलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

पंकजने पाण्याचा ग्लास पुढे केला. मग हळूहळू तो एकेका गाठीवर बोट ठेवून विचारू लागला की इथे काय आहे, इथे का थांबता, इथे तुमच्यासारखं अजून कोण थांबतं. मॅडम सांगत गेल्या. ओट्यापाशी आल्यावर त्यांनी धुरपदाबाईचं सांगितलं, कांड्या नेणाऱ्या इतर बायकांचं सांगितलं. शेवटी पंकज म्हणाला की एकोणीस डब्या रिक्षात असत्या तरी यातलं काही दिसलं नसतं. रिक्षा जिथे जाते तिथेच ती दिसते. जिथे ती जात नाही, तिथे माणूस पायी चालतो, आणि पायी चालणाऱ्याच्या हातात आपण डबी दिलीच नव्हती. एक सोडून. आणि ती आपण पुसून टाकली.

पंकज मॅडमना मोठ्या साहेबांकडे घेऊन गेला, पण ते रागावले नाहीत. त्यांनाही वरून कुणीतरी विचारणार होतं, त्याच काळजीत ते होते. इतवाऱ्याची मोजणी पुन्हा होईल, काही डब्या रिक्षांत आणि काही पायी जाणाऱ्यांकडे, असं ठरलं. मग त्यांनी हात पुढे केला. मॅडमना कळायला थोडा वेळ लागला, मग त्यांनी पर्समधून ते पत्र काढून दिलं. नव्या मोजणीला सुपरवायझर कोण, असा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मॅडमचं नाव आधीच लिहिलं गेलं होतं.

जिना उतरताना पंकज त्यांच्याबरोबर खालपर्यंत आला. मॅडमनी विचारलं की सगळं नीट झालं, तर बस कधी येईल. त्याने उगाच गोड बोलून वेळ मारून नेली नाही. अहवाल, मंजुरी, टेंडर, मग गाड्या. "दो साल तर पकडून चला, मॅडम."

पुढच्या वर्षी मॅडमचा शाळेतला शेवटचा दिवस होता. म्हणजे बस आली तरी ती त्यांना शाळेत नेणार नव्हती. बरं, असं म्हणून मॅडम रस्त्याला लागल्या. त्यांना इतका थकवा आला होता की रडूही येईना.

आठवड्याभरात नवी मोजणी सुरू झाली. मॅडम पुन्हा इतवाऱ्याला गेल्या आणि भाईदासला म्हणाल्या की बस येऊ नये असं तुला वाटतं, ते मला समजतं, पण माझ्या चुकीने आलेला खोटा नकाशा तसाच राहू देणं मला जमणार नाही. भाईदासने मान खाजवली. थोडा वेळ रिक्षाची काच पुसत राहिला. मग त्याने सीटखाली डबी तारेने घट्ट बांधली आणि बाकीच्यांनाही बांधायला लावली. तो कुरकुरला भरपूर, पण मॅडमना वाकू दिलं नाही. तारेची गाठ त्याने स्वतः हलवून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून फळीवर पुन्हा दगड आले, बाटल्या आल्या, आणि हा दगड कुणाचा म्हणून स्टँडवर पुन्हा भांडणं सुरू झाली.

उरलेल्या डब्या मॅडमनी सिंधीपुऱ्यातल्या पायी जाणाऱ्या बायकांना वाटल्या आणि सोळा नंबरची परत स्वतःकडे ठेवली. प्रत्येकीला नीट बजावलं की ही कुठेही ठेवायची नाही, अंगाबरोबर न्यायची, जाल तिथे. त्यांनी हे तीन-तीनदा सांगितलं. धुरपदाबाईने आपली डबी सुताच्या गाठोड्यात खोल खोचली आणि यानं सूत तं खराब नाई व्हनार ना, एवढंच विचारलं.

त्या संध्याकाळी मॅडम ओट्यापाशी आल्या, तेव्हा धुरपदाबाई आधीच टेकली होती. मॅडमनी सवयीने पर्समध्ये हात घातला, काहीतरी शोधल्यासारखं करायला. सोळा नंबरची डबी हाताला लागली. त्यांनी पर्सची चेन लावली आणि गुडघ्यावर हात ठेवून ओट्यावर बसल्या. समोरून त्यांच्या शाळेतल्या एका मुलाची आई गेली, तिने थबकून बघितलं. मॅडमनी तिला नमस्कार केला आणि बसूनच राहिल्या.

मागांचा आवाज गल्लीतून येत होता. थोड्या वेळाने धुरपदाबाईने चुंबळ डोक्यावर ठेवली, गाठोडं उचललं आणि म्हणाली, "चालते, मॅडम. कारखाना बंद व्हईन."

"बसा अजून थोडं," मॅडम म्हणाल्या. "आपण इथं बसतो, हे ऑफिसवाल्यांना कळू द्या."

धुरपदाबाईने उचललेलं गाठोडं पुन्हा खाली ठेवलं.